रेंजबाईच्या घरचा फोन

माझ्या वहिनीला आमच्या भागात सगळे रेंजबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण ती जिना चढायला लागली की वरून कोणीतरी ओरडतंच, "अगं, रेंजबाई आल्या, दार उघड." तिला ते ऐकू जातं, तरी ती तशीच चढत राहते. दिवसभर जिने चढून उतरलेल्या बाईला नावावरून भांडायला दम कुठून उरणार? संध्याकाळी घरी आली की ती चपला काढते, दारातल्या स्टुलावर बसते आणि थोडा वेळ नुसती बसून राहते. त्या वेळात तिच्याशी बोलायचं नाही, हे मी फार लवकर शिकले. माझं सासर दोनच गल्ल्या पलीकडे आहे, त्यामुळे संध्याकाळी माहेरी डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही. बऱ्याचदा मी जाते तेव्हा वहिनी त्या स्टुलावर असते, आणि मी मुकाट्याने आत जाऊन चहा टाकते.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारा एक आयोग आहे, त्याच्या ऑफिसात ती कंत्राटावर मोजणीला आहे. आयोगाने दिलेला जाडजूड मोबाइल हातात, ओळखपत्र गळ्यात, आणि घरोघरी जाऊन रेंज किती येते ते नोंदवायचं. पूर्वी तक्रार आली की तेवढं जायचं. पण लँडलाइनच्या कंपनीने आयोगाकडे अर्ज केला आणि वहिनीच्या पायाला भिंगरी लागली.

कंपनीचं म्हणणं असं, की जो मागेल त्याला तारेचा फोन द्यायचा आणि ठरवून दिलेल्या दरातच द्यायचा, हे बंधन आमच्यावर आहे. ते कधीचं? दुसरा फोनच नव्हता तेव्हाचं. आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे, म्हणजे आम्हाला स्पर्धक आहे. गिऱ्हाइकाला आमचं पटलं नाही तर ते मोबाइलकडे जाईल, नव्हे, गेलंच आहे. मग आम्हालाच दावणीला का बांधता? आयोगाने ठरवलं, की सरसकट हो किंवा नाही म्हणायचं नाही. एकेका भागात जाऊन बघायचं, की इथे मोबाइल खरोखर लँडलाइनची जागा घेतो का. घेत असेल तर तिथे स्पर्धा आहे आणि तिथे कंपनी मोकळी. मग तिने तारा गुंडाळल्या तरी कोणी विचारणार नाही.

खरं सांगायचं तर यात मला काही चूक दिसत नव्हती. माझ्या घरचा लँडलाइन मी केव्हाच काढून टाकला. त्यावर फक्त चुकीचे नंबर यायचे आणि धूळ बसायची. कंपनीच्या जागी मी असते तर मीही वैतागले असते. माझं घोडं अडलं ते बाबांपाशी.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर घर. दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायचे, "चष्मा झाला की कळवतो, आमचा नंबर लिहून घ्या. चोवीस, एकाहत्तर, एकोणनव्वद." घरातला फोन वाजला तरी हॅलो वगैरे भानगड नाही, उचलायचा आणि आधी नंबर सांगायचा. लहानपणी आम्हाला त्याची लाज वाटायची. माझ्या मैत्रिणी शाळेत माझ्यामागे चोवीस एकाहत्तर करत फिरायच्या. दुकान बंद झालं, बाबा थकले, आणि मग त्यांची आठवण हळूहळू सुटत गेली. आधी माणसांची नावं गेली, मग कोणती गल्ली कुठे वळते ते गेलं. माझं लग्न झालंय हे त्यांना काही दिवस आठवतं, काही दिवस नाही. नंबर मात्र जागचा हलला नाही.

आणि त्या नंबराच्या जिवावरच आमचं चाललं होतं. बाबांना घरात बसवत नाही. दुपारी वहिनी कामावर, दादा रात्रपाळी करून झोपलेला, की हे निघाले. थोडं चालतात, रस्ता ओळखेनासा होतो, मग पहिल्या दिसेल त्या दुकानात शिरतात आणि रुबाबात सांगतात, "जरा एक फोन लावा. चोवीस, एकाहत्तर, एकोणनव्वद." दुकानदार लावतो. घरात तो काळा डबा असा काही ठणाणा करतो, की दादासारखा कुंभकर्णसुद्धा उठून बसतो. मोबाइल वाजला तर दादा फक्त कूस बदलतो. मग दादा पायजम्यावरच जाऊन बाबांना घेऊन येतो. येताना बाबा त्याला ऐकवतात, "मी काही हरवलो नव्हतो. घर सापडत नव्हतं."

तुम्ही म्हणाल, बाकी काही उपाय नव्हता का? सगळे करून झाले. खिशात चिठ्ठी ठेवली, तर बाबा खिशात कागद ठेवू देत नाहीत, कचरा म्हणून काढून टाकतात. मनगटात घालायला पट्टी आणली, त्यावर वहिनीचा मोबाइल नंबर. ती बघून ते जे भडकले, "मी काय पार्सल आहे?" म्हणून दिवसभर जेवले नाहीत. मग दादाने त्यांना साधा मोबाइल आणून दिला. तो त्यांनी नीट पुसला आणि कपाटाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. म्हणाले, "कोणीतरी गिऱ्हाईक विसरून गेलंय, येईल न्यायला." आम्ही हात टेकले. कंपनीला विचारलं, हा नंबर मोबाइलवर घेता येईल का? ते म्हणाले, लँडलाइनचा नंबर मोबाइलवर नेता येत नाही, लाइन गेली की नंबर गेला.

तर आमच्या भागात स्पर्धा आहे असं ठरलं असतं, तर बाबांचा घरी यायचा रस्ताच बंद झाला असता. आणि ते ठरवायला घरोघरी फिरणाऱ्यांत आमचीच वहिनी.

मोजणीचा नियम असा होता, की घरातला माणूस नेहमी जिथून मोबाइलवर बोलतो, तिथे उभं राहून रेंज मोजायची. ऐकायला रास्त वाटतं. पण वहिनी रोज नवे किस्से घेऊन यायची. एका घरात आजी तिला बाथरूममध्ये घेऊन गेल्या, खिडकीखाली पाट ठेवला आणि म्हणाल्या, "यावर चढा, इथे छान येते." एका घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर. एका घरात नवरा खिडकीतून अर्धा बाहेर वाकून बोलतो आणि बायको मागून त्याचा सदरा धरून ठेवते. त्यांनी वहिनीलाही तसंच वाकवलं आणि बाईने तिचीही ओढणी घट्ट धरली. जो तो आपल्या घरातली सगळ्यात चांगली जागा दाखवायचा. पाहुणा आला की चांगली खुर्ची पुढे करतात तसं. रेंजबाई एवढे जिने चढून आल्या, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मग वहिनीच्या मोबाइलवर रेंजच्या दांड्या भरभरून यायच्या, घरातली मंडळी खूश, आणि नोंद व्हायची, की इथे मोबाइल उत्तम चालतो. आपण आपल्याच हाताने आपली तार कापतोय हे कोणाच्या गावीही नव्हतं. वहिनी आधीच सांगू शकत नव्हती, कारण मोजणीआधी काही समजावून सांगायचं नाही असाही नियम होता.

तिने साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या टेबलावर अख्ख्या शहराचे गठ्ठे पडले होते आणि त्याचे डोळे कायम लाल असायचे.

"साहेब, लोक बोलतात त्या जागी रेंज येते. पण तिथे कोणी राहत नाही हो. आतल्या खोलीत फोन आला तर कळतच नाही."

"बाई, लोक त्या जागी जाऊन बोलतात ना?"

"बोलतात."

"मग बोलणं होतंय. मी स्वतः केबिनमधून उठून कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलतो. म्हणून माझ्याकडे मोबाइल नाही असं म्हणू का?"

संध्याकाळी स्टुलावर बसून वहिनी मला म्हणाली, "त्यांचंही बरोबरच आहे गं. मीपण गॅलरीत जाऊनच बोलते. सगळेच बोलतात. आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय." मग पाय चोळत, "पण मोबाइल एकट्या माणसाला वाजतो. घराला वाजत नाही. हे कुठल्या रकान्यात लिहू?"

मी म्हटलं, "रकाना गेला खड्ड्यात. आपल्या भागाची मोजणी करशील तेव्हा सरळ आतल्या खोलीत उभी राहा आणि शून्य लिही. कोण बघतंय?"

"वन्सं," ती म्हणाली. मला ती एरवी नावाने हाक मारते. वन्सं म्हटलं की समजायचं, पुढे काहीतरी कडू येणार आहे. "आपला भाग माझ्याकडे नाहीये."

"का?"

"मीच सांगितलं साहेबांना. माझं घर त्यात आहे, मला देऊ नका."

माझं डोकंच फिरलं. एवढा हरिश्चंद्राचा अवतार घ्यायची गरज काय होती, घरात म्हातारा माणूस आहे, त्याचं काय, असं मी बरंच काही बोलले. वहिनी शेवटी म्हणाली, "आज मला बोलवत नाहीये. भांडण उद्या करू या का?" मी चहा गाळला, तिच्या हातात कप दिला आणि घरी गेले.

आमच्या भागाला दुसरा मोजणीवाला आला. वहिनीने घरी थांबायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून तिने मला येऊन बसायला सांगितलं. दादा आत घोरत होता. मोजणीवाला म्हणजे एक जाडा, घामाघूम झालेला, सर्दीने बेजार माणूस. दारातच त्याने भिंतीला हात टेकून श्वास घेतला. मी त्याला पाणी दिलं. मनात म्हटलं, बिचारा दमलाय, आतच बसून मोजेल तर बरं.

"लँडलाइन आहे का?"

"आहे ना. आणि लागतोच आम्हाला," मी म्हटलं.

"मोबाइल?"

"आहेत. दोन."

"बोलता कुठून?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला नक्की माहीत होतं, आणि ते खोटं होतं. पण माझ्या आधी बाबा खुर्चीतून उठले.

"या, या. इकडे या," ते म्हणाले. "आमची सून इकडे उभी राहून बोलते."

"बाबा, तुम्ही बसा ना," मी म्हटलं.

"तू गप्प बस. गिऱ्हाईक उभं आहे."

आणि ते त्या माणसाला गॅलरीत घेऊन गेले. आमच्या गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पाइपाशेजारी एक कोपरा आहे. रोज सकाळी वहिनी तिथेच उभी राहून ऑफिसला फोन करते. बाबा समोर खुर्चीत असतात, पण ते बघत असतील असं आमच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी मोजणीवाल्याचे खांदे धरले आणि दुकानात नजर तपासताना गिऱ्हाइकाला उभं करायचे तसं त्याला उभं केलं. "थोडं डावीकडे. अजून थोडं. हनुवटी वर. आता बघा. स्पष्ट?"

मोजणीवाल्याने मोबाइलकडे बघितलं. "एकदम स्पष्ट, आजोबा."

"मग!" बाबा म्हणाले.

मला त्या माणसाचा राग आला, नियमाचा आला, वहिनीचा तर आलाच. पण बाबांचा येईना. कितीतरी दिवसांत कोणी त्यांना असं काही विचारलंच नव्हतं, ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक आहे. चेहरा कसा फुलला होता त्यांचा. मी मधे पडून आतल्या खोलीत रेंज येत नाही वगैरे सांगितलं. मोजणीवाल्याने ते शेऱ्यात लिहून घेतलं आणि नाक पुसत पुढच्या घरी गेला.

संध्याकाळी वहिनीला सांगितलं तेव्हा आधी ती हसायलाच लागली. हनुवटी वर, हे तर तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलं. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. "त्यांना लक्षात राहिलं?" ती म्हणत होती. "माझी उभं राहायची जागा त्यांना लक्षात राहिली?"

निकाल यथावकाश आला. आमच्या भागात मोबाइल हा लँडलाइनचा पुरेसा स्पर्धक आहे, सबब कंपनीला बंधनातून मोकळीक. वहिनीने सगळं वाचलं. म्हणाली, नीट लिहिलंय, आतल्या खोल्यांचाही उल्लेख आहे, पण बहुसंख्य ग्राहकांची अडचण होत नाही असं म्हटलंय. बहुसंख्य ग्राहकांची होतच नव्हती, तेही खरं. आमच्या गल्लीत एकाही घराने हरकत घेतली नाही. आम्ही घेतली, तिची पोच आली, आणि काही दिवसांनी कंपनीची माणसं येऊन खांबावरच्या तारा उतरवून घेऊन गेली.

काळा फोन आम्ही जागेवरच ठेवला. बाबा अधूनमधून तो उचलायचे, नंबर सांगायचे, कान देऊन ऐकायचे आणि खाली ठेवायचे. "बोलत नाही कोणी," एवढंच म्हणायचे. वहिनी कामावरून आली की स्टुलावर बसायच्या ऐवजी आता बाबांच्या पायाशी बसून त्यांना आपला मोबाइल नंबर शिकवायला लागली. ती दोन आकडे सांगायची, बाबा म्हणायचे. ती पुढचे दोन सांगायची, बाबा म्हणायचे. तिसऱ्या जोडीला बाबा घसरून चोवीस एकाहत्तरवर यायचे आणि तिथून थेट एकोणनव्वदला पोचून समाधानाने बघायचे. ती पुन्हा पहिल्यापासून. तिचा आवाज कधी चढला नाही, पण तिचे डोळे मिटत असायचे. एकदा तर शिकवता शिकवता ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून झोपूनच गेली. बाबांनी मला खूण केली, हळू, गिऱ्हाइकाला झोप लागलीय.

दाराला वरून कडी लावली. दादा दुपारचा सोफा ओढून दारात झोपायला लागला. तरी एक दिवस व्हायचं ते झालंच. दादा अंघोळीला गेला आणि बाबा कडी काढून निघून गेले.

दादाने वहिनीला फोन केला, तिने मला. दादा एका बाजूला धावला, आम्ही दोघी दुसऱ्या. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, दर वळणावर मला काहीतरी भलतंच दिसत होतं. वहिनी मात्र गल्लीमागून गल्ली घेत होती, प्रत्येक दुकानात डोकावत होती, विचारत होती. लोक म्हणत, "रेंजबाई, काय झालं?" ती सांगायची आणि पुढे निघायची. ऊन उतरायला लागलं तरी पत्ता नव्हता. मी एका पायरीवर बसले आणि रडले. ती माझ्याजवळ उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "चल, पलीकडचा रस्ता राहिलाय."

त्या पलीकडच्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानात बाबा होते. काउंटरशेजारी स्टुलावर ताठ बसलेले, हात मांडीवर. आम्हाला बघून झेरॉक्सवाल्याचा जीव भांड्यात पडला.

"तुमचे आहेत का हे? अहो, दुपारपासून बसलेत. नंबर देतात, मी लावतो, तर हा नंबर अस्तित्वात नाही म्हणून सांगतंय. मी म्हटलं आजोबा, नंबर चुकताय तुम्ही, दुसरा काही आठवतो का बघा. तर रागावले माझ्यावर. म्हणाले, नंबर बरोबर आहे, घरी कोणी नसेल, कामाला गेले असतील, मी थांबतो. जरा वेळ गेला की म्हणतात, आता लावा, आता आले असतील."

बाबा वहिनीकडे बघत होते. रागाने नाही. बराच वेळ वाट बघितलेल्या माणसाने बघावं तसं.

"कुठे होतीस?" ते म्हणाले. "घरात फोन वाजतोय कधीचा."

वहिनी त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांची एक चप्पल पायातून निसटली होती, ती तिने नीट घातली. मला वाटलं आता ती त्यांना सगळं सांगेल, पुन्हा एकदा, दोन दोन आकडे करून.

"बाहेर गेले होते बाबा," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

"हा म्हणतो नंबर चुकीचा आहे."

वहिनी उठली आणि झेरॉक्सवाल्याकडे वळली.

"नंबर बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच घरी नव्हते."